फेसाचा फुगा

दीपेशच्या लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, रुचिका. तिचं बारसं ज्या आषाढात झालं, त्याच आषाढात मानकोलीच्या गोदामात रबराचा माणूस आला. त्याला हात नव्हते, पाय नव्हते. कमरेपासून वरचा तेवढा माणूस, सतरंजीवर उताणा ठेवलेला, तोंड उघडं. भोवती गोदामातली वीस-बावीस माणसं कडं करून उभी होती आणि पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं.

"तो चावत नाही," जागृती म्हणाली. ही शिकवायला आलेली नर्स. ठाण्याला एका इस्पितळात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी गोदामं, कारखाने, शाळा अशी फिरायची. अचानक काही झालं, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते शिकवायची. "बोला, कोण येतंय?"

"वॉचमन काकांना पाठवा," मागून पॅकिंगवाली रोशनी बोलली. "खुर्चीत बसून बसून त्यांचे हात आंबलेत."

सगळे हसले. केसरीनाथ तरे काठी भिंतीला टेकवून पुढे झाला.

त्याच्यावर हसायला लोकांकडे दुसरंही कारण होतं. गोदाम उभं होतं ती जमीन त्याचीच. खाडीकाठची खारजमीन; बांध शाबूत राहिला तर भात व्हायचं, बांध फुटला तर काही नाही. मुलगा दीपेशने ती विकली, बंगला बांधला, गाडी घेतली. केसरीनाथला बंगल्यात करमेना. एक दिवस तो गोदामात गेला आणि गेटवरच्या वॉचमनची जागा मागून आला. दीपेश चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. केसरीनाथची बायको कमळ मात्र रोज बोलायची. "मालक व्हता तो वॉचमन झाला. पुढच्या जल्माला त्याच गेटवर कुत्रा व्हा, मंजे पगारबी मागाला नको." केसरीनाथ डबा उचलून चालू लागायचा. जमीन विकली होती, पण तिच्याकडे बघायला कुणी बंदी घातली नव्हती.

तो गुडघे टेकून बसला. जागृतीने त्याचे तळवे एकावर एक ठेवून रबराच्या छातीच्या मधोमध टेकवले.

"कोपर वाकवायचं नाही. खांद्यातून जोर द्यायचा. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. बरगडी मोडली तर मोडली, ती जोडता येते. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. मनात मोजा."

मिठागराचा हंगाम लागायच्या आधी वाफ्यांची चिखलाची जमीन पायांनी तुडवून टणक करावी लागते. दहा-बारा माणसं एका ओळीत, एका ठेक्यात पाय आपटत पुढे सरकतात. केसरीनाथची तरणी वर्षं त्यात गेली होती. त्याने तोच ठेका हातांत आणला. जागृती घड्याळाकडे बघत राहिली.

"काका, बरोबर एकशे दहा. कुठे शिकलात?"

"पायांनी," केसरीनाथ म्हणाला.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त प्रश्न त्यानेच विचारले. तीस वेळा दाबून दोनच श्वास का? छाती दाबून रक्त डोक्यात पोचतं, ते पोचलं हे वरून कळतं कसं? माणूस जिवंत असून छाती दाबली तर काय होतं? रोशनीने जांभई दिली. "काका, दहावीला बसताव कं? जेवाची सुट्टी चाललीय." पण जागृती एकेका प्रश्नाला थांबत होती. भाजलं तर टूथपेस्ट लावायची नाही, नळाखाली वीस मिनिटं धरायचं. फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या आणि माणूस शांत झाला की कुशीवर करायचा. लोक एकमेकांकडे बघत होते. ज्याच्या-त्याच्या घरात कधी ना कधी चप्पल हुंगवलेली होती.

"आता बुडालेला माणूस," जागृती म्हणाली. "त्याला पालथा घालून पोट दाबायचं नाही. पाय धरून गरगर फिरवायचं नाही. पाणी काढायच्या नादात वेळ जातो. त्याला हवा हवी असते. म्हणून बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची."

केसरीनाथने रबराच्या छातीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "नि मिठात पुरला तर?"

"कशात?"

"मिठात. आमच्या मिठागरात तसा करायचं. बुडालेला माणूस मिठाच्या राशीत पुरायचा, तोंड तेवढा उघडा ठेवायचा. मीठ आंगातला पाणी वढून घेतंय, असा जुनी माणसा बोलायची."

"नाही काका. मीठ फुप्फुसातलं पाणी ओढत नाही. उलट छातीवर वजन येतं. थोडा श्वास चालू असला तरी कोंडतो."

"चालू आसला तरी," केसरीनाथ म्हणाला.

जेवणानंतर जागृतीने दुसरा भाग घेतला. मार फक्त अंगाला बसत नाही, ती म्हणाली. अपघात बघितलेला माणूस, घरचं कुणी गेलेला माणूस, त्यालाही पहिला उपचार लागतो. तो करायला डॉक्टर असावं लागत नाही.

"त्याला काय सांगाचं मग?" रोशनीने विचारलं. "रडू नको, हेच ना?"

"ते सोडून काहीही. खरं तर काही सांगायचंच नाही. जवळ बसायचं. पाणी द्यायचं. बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर उकरून काढायचं नाही. त्याला आत्ता काय हवंय ते विचारायचं आणि त्याच्या माणसांशी गाठ घालून द्यायची. आणि खोटं बोलायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"आमच्यात नशीब बोलतान," केसरीनाथ म्हणाला.

"ते बोलून आपल्याला बरं वाटतं काका. त्याला नाही."

संध्याकाळी जागृती रबराचा माणूस बॅगेत भरून गेटवर रिक्षाची वाट बघत उभी राहिली. केसरीनाथने तिला आपली खुर्ची दिली. बराच वेळ तो येणारे-जाणारे कंटेनर बघत राहिला. मग त्याने विचारलं.

"एक माणूस बुडाला. भाइर काढला तवा हालत न्हवता. मिठात घातला. नंतर त्याच्या नाकावर फेसाचा फुगा आला. मोठा झाला नि फुटला. मंजे तो जिता व्हता कं?"

जागृतीने बॅग खाली ठेवली. "कोण होता तो?"

"भाव."

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. केसरीनाथ एकवीसचा, धाकटा बाळाराम एकोणीसचा. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला एक उघाडी होती, म्हणजे बांधातली दारं. भरती उतरताना बाळाराम दाराची फळी बसवायला उतरला आणि पाण्याने त्याला आत ओढला. काढला तेव्हा ओठ निळे होते. बाप चिंधू ओरडला, मीठ आणा. केसरीनाथ फावड्याने मीठ ओढत होता. पायांवर, पोटावर, छातीवर. छातीवर ओढताना तोंडाशी तोच होता, म्हणून तो फुगा त्याला एकट्याला दिसला. त्याने हात थांबवला नाही. बापाने सांगितलं होतं दोन तास, म्हणून दोन तास. फुग्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही. बापाला नाही, आईला नाही, लग्न झाल्यावर कमळलाही नाही.

जागृतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, छातीत कोंडलेली हवा बाहेर आली तरी फुगा येतो. माणूस गेलेला असला तरी येतो. पण तो गेलेलाच होता, असं मी नाही सांगणार. मी तिथे नव्हते. मला माहीत नाही."

"म्हाईत न्हाय," केसरीनाथ म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी कशाचंच असं उत्तर दिलं नव्हतं. ते त्याला आवडलंही आणि पुरलंही नाही.

जागृतीने जाताना तिचा नंबर दिला. तिने तो द्यायला नको होता. दर आठ-पंधरा दिवसांनी दुपारी फोन यायचा. "जागृतीबाय, जेवलीस कं? एक इचाराचा व्हता." बुडालेला माणूस किती वेळ तग धरतो? ओठ निळे झाले म्हणजे किती वेळ झाला समजायचा? खारं पाणी नि गोडं पाणी यांत फरक पडतो का? एकाच प्रश्नाचे तुकडे करून तो ते एकेक विचारत होता, जाळं उसवून सगळे धागे मोकळे करावेत तसा. जागृती सांगायची. एकदा म्हणाली, "काका, सगळी उत्तरं गोळा केलीत तरी त्या दिवसाचं उत्तर यातून निघणार नाही." "न्हाय निगना," तो म्हणाला, "पन बगाला काय जातंय?" कमळला वाटायचं म्हाताऱ्याला कुठला तरी रोग लागलाय आणि तो घरी लपवतोय. तिने एकदा दीपेशला सांगून त्याचं रक्तही तपासून घेतलं. निघालं काहीच नाही.

गोदामात ट्रक भरायला-उतरवायला रोजंदारीवर माणसं यायची. गणेशपुरीच्या अलीकडच्या एका पाड्यातले दोघे भाऊ त्यांत होते, रघू आणि बाबू. रघू सव्वीस वर्षांचा, बाबू दोन-तीन वर्षांनी मोठा. रोजंदारीवाल्यांना त्या दिवशीच्या शिकवणीला कुणी बोलावलं नव्हतं. त्या वेळी ते बाहेर ट्रक खाली करत होते.

भाद्रपद लागायच्या आदल्या दिवशी अमावास्या होती. खाडीला उधाण होतं. गोदामाच्या मागच्या बांधात अजून जुनी उघाडी आहे. तिच्या दगडांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, सापडतात. दुपारच्या सुट्टीत रघू बाबूला घेऊन तिकडे गेला. "आज पाड्यात नेऊ चार," तो बाबूला म्हणाला होता. पाणी उतरू लागलं होतं. शेवाळ्यावरून त्याचा पाय गेला. बाबूने पाण्यात उडी घेऊन त्याला दाराच्या तोंडाशी गाठला खरा, पण त्याला ओढून वर काढीपर्यंत वेळ गेला.

केसरीनाथला ओरडा ऐकू आला. धावत पोचला तेव्हा बाबूने भावाला पालथा घातला होता आणि तो दोन्ही हातांनी त्याची पाठ नि पोट दाबत होता. तोंडातून पाणी येत होतं. पाणी बघून बाबूला हुरूप येत होता. भोवती माणसं जमली. शिफ्टचा सुपरवायझर भाविक हातात मोबाइल घेऊन पुढे आला.

"नमक लावो," तो म्हणाला. "आपल्याकडं गोदामात आहे. व्हिडिओ आलेला, मिठात दाबून ठेवला की दोन तासांत माणूस उठून बसतो. ए, चार गोणी आण."

दोघे जण पळालेही.

केसरीनाथ त्यांच्या आणि रघूच्या मध्ये उभा राहिला.

"मीठ न्हाय," तो म्हणाला.

"काका, बाजूला व्हा, टाइम चाललाय."

"मीठ मी घालून बगलाय. मीठ न्हाय. एकशे आठला फोन लाव. रोशनी, इकरं ये."

त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण भाविकने मोबाइलवरचा व्हिडिओ बंद केला आणि नंबर फिरवला. गोणी वाटेतच थांबल्या.

रघूला उताणा केला. जागृतीने शिकवलं होतं तसं रोशनीने हनुवटी वर करून नाक धरलं आणि श्वास दिला. पाच श्वास. छाती वर आलेली दिसली. मग केसरीनाथने तळवे टेकले. एक, दोन, तीन. वाफ्यातली ओळ चालू लागली. तीस झाले, रोशनीने दोन श्वास दिले, पुन्हा तीस. खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो थांबला नाही. केसरीनाथ दमल्यावर त्याच्या जागी भाविक बसला, भाविक दमल्यावर पुन्हा केसरीनाथ. मानकोलीच्या नाक्यावर नेहमीसारखेच कंटेनर एकामागे एक उभे होते. अॅम्ब्युलन्स पोचायला सत्तावीस मिनिटं लागली.

मधे एकदा रघूच्या नाकाशी फेस आला. केसरीनाथने तो बघितला. फेस वाढला, फुटला, पुन्हा आला. त्याच्या दर दाबासरशी तो येत होता. हात उचलला की थांबत होता. केसरीनाथने त्या मिनिटात दोन-तीनदा हे नीट बघितलं आणि दाबत राहिला.

सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी अर्धा तास प्रयत्न केले. मग बाहेर येऊन सांगितलं.

बाबू पायऱ्यांवर बसला. त्याचे कपडे अजून ओले होते. केसरीनाथ त्याच्या शेजारी बसला. रोशनीने पाण्याची बाटली आणून दिली. बाबूने ती हातात धरून ठेवली. समोरून नातेवाईक येत-जात होते. कुणाला मुलगा झाला होता, पेढे वाटत होते. एकाने चुकून बाबूपुढेही पेढा धरला, तो केसरीनाथने घेऊन खिशात टाकला.

"काका," बाबू म्हणाला, "मी त्याला पालथा घातला ना. पोट दाबला. तुमी यायच्या आधी बराच टाइम गेला माझा. तवाच उताणा करून तुमच्यासारखा केला असता, तर ऱ्हायला असता का तो?"

केसरीनाथच्या तोंडाशी नशीब हा शब्द आला. तो शब्द त्याने लहानपणापासून ऐकला होता, सोपा होता, आणि समोरचा माणूस तो घेऊन निदान आजची रात्र काढू शकला असता.

"मना म्हाईत न्हाय," तो म्हणाला.

बाबूने मान वर केली.

"डाक्टरलाबी म्हाईत नसंल. ऱ्हायला आसता, नसता. कोनी सांगना न्हाय. पन तू पान्यात उडी घेतलीस नि त्याला भाइर काढलास, ता मना म्हाईत हाय. नि उताना कसा करायचा, ता तुना कोनी शिकवला न्हवता."

"तुमाला शिकवला?"

"मना औंदा शिकवला," केसरीनाथ म्हणाला. "माजा भाव गेला तवा मनाबी कोनी शिकवला न्हवता."

मग त्याने बाबूला सांगितलं. उघाडी, फळी, मिठाची रास, बापाचा आवाज, फावडं. फुग्याचंही सांगितलं. सांगताना तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. बाबू ऐकत होता, आणि ऐकता ऐकता बाटलीचं झाकण काढून पाणी प्यायला.

"आज मी बगितला," केसरीनाथ म्हणाला. "फेस मी दाबला का यायचा. हात उचालला का न्हाय यायचा. मीठबी दाबतंयच ना. मंजे त्याचा फुगाबी तसलाच आसंल. नसलबी."

"नसलबी," बाबू म्हणाला.

"आता तुना काय पायजे?"

बाबूने विचार केला. "बापाला सांगायचाय. त्याच्याकडं फोन न्हाय. पाड्यात सरू म्हनून एक बाई हाय, तिच्याकडं हाय. पन फोनवर नको. तोंडानं सांगायला पायजे."

"मग आपून जाव. पोराची गारी बोलवतंव."

केसरीनाथने दीपेशला फोन केला. गाडी कशाला हवी ते सांगितलं. दीपेशने एवढंच विचारलं, किती वाजता येऊ.

हवालदार वही घेऊन आला. मयताचं नाव, वय, गाव, बापाचं नाव. बाबूचा आवाज निघेना. हवालदाराने केसरीनाथकडे पाहिलं, तुम्ही सांगा म्हणून. केसरीनाथला नाव येत होतं, वय येत होतं. पण त्याने मानेनेच बाबूकडे खूण केली. "त्याला सांगू द्या," तो म्हणाला, "आमाला घाई न्हाय." हवालदार कट्ट्यावर टेकला. थोड्या वेळाने बाबूने नाव सांगितलं, आणि हवालदाराने ते लिहिलं.

रघू धाकल्या मुकणे, वय सव्वीस, गुरुवारी, १४ सप्टेंबर २०२३ रोजी दुपारी खाडीत बुडून मेला.

बाळाराम चिंधू तरे, वय एकोणीस, १९७८ सालच्या मे महिन्यात मेला. भरती उतरताना, किंवा त्यानंतरच्या दोन तासांत.